तोंड लावलेली बासरी

बासरी घ्यायला आलेला माणूस दुकानात शिरल्या शिरल्या एक चूक करतो. ढिगातली एखादी बासरी उचलतो, काउंटरवर ठेवतो आणि विकणाऱ्याला म्हणतो, "जरा वाजवून दाखवा ना."

मी विकणारा होतो. पुण्यातल्या पेठेत, एका बोळाच्या तोंडाशी असलेल्या वाद्यांच्या दुकानात माझी सगळी नोकरी गेली. दुकान आता नाही. तिथे मोबाइलची कव्हरं मिळतात. मालकही नाहीत. त्यामुळे आता लिहिलं तर कोणाच्या धंद्यावर गदा यायची नाही. दिवाळी अंकाच्या संपादकांनी सांगितलं होतं, "जगताप, विचित्र गिऱ्हाइकांबद्दल लिहा, लोकांना मजा येते." तेही लिहितो. पण लिहायला बसलो ते एका माणसासाठी. देविदास राऊत नावाचा तो माणूस बेसूर आहे, असं पुण्यातल्या बऱ्याच संगीतप्रेमी मंडळींना वाटतं. त्याला स्वतःलाही वाटतं. ते खरं नाही, आणि ते खरं नाही हे माहीत असलेला मी एकटाच आहे.

आधी धंद्याबद्दल. मी मूळचा धायरीचा. धायरी गाव होतं तेव्हाचा. वडील शेती करायचे आणि भजनात बासरी वाजवायचे. त्यांच्याकडून मी शिकलो, कोणा उस्तादाकडून नाही. जमिनी विकल्या गेल्या, भाऊ बिल्डरांच्या मागे लागले आणि मी बासरीमुळे दुकानात चिकटलो. मालकांना सगळे नाना म्हणत. नाना स्वतः कुठलंच वाद्य वाजवत नसत, पण पाटी छान लिहीत. बासऱ्यांच्या वर त्यांनी लावलेली पाटी अशी होती: "बासरी वाजवून पाहून घ्यावी. वाजवता येत नसल्यास येणाऱ्यास आणावे. नुसते फुंकण्यासाठी घरी चूल आहे. तोंड लावून नेलेली बासरी परत घेतली जाणार नाही."

बांबू आसामकडून यायचा, काही बासऱ्या तयारच यायच्या. तिकडची हवा दमट, आपली कोरडी. नवीन आलेला माल लगेच विकला तर मार्च-एप्रिलमध्ये बांबू तडकतो आणि गिऱ्हाईक भांडायला येतं. म्हणून आम्ही चांगल्या बासऱ्या एक पुणेरी उन्हाळा माळ्यावर ठेवायचो. ज्या तडकायच्या त्या तिथेच तडकायच्या. उरलेल्यांना नाना "उन्हाळा काढलेल्या" म्हणत आणि सुनेचं कौतुक करावं तसं त्यांचं कौतुक करत.

बासरी कशी पाहावी तेही सांगतो, कोणाच्या उपयोगी पडेल. आधी उजेडाकडे धरून आत पाहावं, पोकळी सरळ आहे का. नखानं अंगावरून हलकेच ठोकत जावं, चीर असली तर आवाज बदलतो. मग सगळी भोकं बंद करून हळू फुंकावं. खालचा पंचम कुरकुर न करता निघाला तर हवा कुठे गळत नाही. त्यानंतर वरची तीन बोटं ठेवून सा लावावा आणि त्याच बोटांवर फुंक वाढवून वरचा सा लावावा. हे दोन सा एकमेकांशी जुळले पाहिजेत. पोकळी एका बाजूला अरुंद झाली असेल तर ते जुळत नाहीत. वरचा जरा उतरतो. हा दोष भोकं कोरून किंवा मेण लावून जात नाही. अशी बासरी जन्मतःच खोटी.

आणि हे सगळं स्वतः करावं, विकणाऱ्याला करू देऊ नये. याचं कारण असं की ज्याला बासरी येते त्याचे ओठ खोटी बासरी खरी करून टाकतात. बासरी केसभर बाहेर फिरवायची, हनुवटी किंचित वर घ्यायची, की उतरलेला सूर चढतो. हे मुद्दाम करावं लागत नाही. ठेच लागली की माणूस जसा आपोआप तोल सावरतो, तसं हे आहे. कानाला सूर कमी वाटायच्या आत ओठ कामाला लागलेले असतात.

गिऱ्हाइकांचे नमुने काही कमी नव्हते. कोथरूडच्या एक बाई दारावर टांगायला बासरी हवी म्हणून आल्या. कोणीतरी त्यांना वास्तूसाठी सांगितलं होतं. मी विचारलं, "कुठल्या पट्टीची देऊ?" त्या म्हणाल्या, "न वाजणारी चालेल. वाजणारी असली तर आमचे हे वाजवत बसतील." एक निवृत्त गृहस्थ दर गुरुवारी येऊन सगळ्या बासऱ्या वाजवून पाहायचे आणि जाताना म्हणायचे, "यात ती नाही." शेवटी नानांनी त्यांना विचारलं, "अहो, ती म्हणजे कोण, ते एकदा सांगा. आमच्या ओळखीची असेल तर निरोप देतो." गृहस्थ पुन्हा आले नाहीत. मला मात्र चुकल्यासारखं वाटत राहिलं. गुरुवारी तेवढीच सोबत असायची.

खोट्या बासऱ्यांसाठी दाराजवळ तेलाचा एक उंच रिकामा डबा ठेवलेला होता. त्याला आम्ही कृष्णाचा डबा म्हणायचो. शाळांच्या गॅदरिंगमध्ये जो कृष्ण होतो त्याला नुसती हातात धरायला बासरी लागते. ती या डब्यातून द्यायची. वाजवणाऱ्याला डब्यातली द्यायची नाही, हा दुकानाचा नियम होता. नानांनी तो कधी मोडला नाही. मोडला तो मी.

राऊत पहिल्यांदा आला तेव्हा अंगात ड्रायव्हरचा पांढरा गणवेश होता. यवतमाळकडचा माणूस. हिंजवडीच्या एका कंपनीची बस चालवायचा. सकाळी लोकांना नेऊन सोडायचं, मग संध्याकाळपर्यंत पार्किंगमध्ये थांबायचं. बाकीचे ड्रायव्हर पत्ते खेळत, झोपा काढत. हा मागच्या सीटवर बसून जत्रेत घेतलेली छोटी बासरी वाजवायचा.

"मोठी पाह्यजे जी," तो म्हणाला. "खर्जातली. ह्या लहानीनं आता मन भरत नाही."

त्या वेळी दुकानात एक गुरुजी बसले होते. शहरातल्या बासरी शिकवणाऱ्यांत त्यांचं नाव मोठं. महिन्यातून एखादी चक्कर व्हायची, नाना चहा मागवायचे. मी त्यांच्यासमोर कितीतरी बासऱ्या वाजवून दाखवल्या असतील, पण त्यांनी कधी मान हलवली नव्हती. ते मला "काउंटर" म्हणायचे. "काउंटर, जरा ती पांढरी तीन पट्टीची काढा." मला नाव आहे हे त्यांना माहीत नव्हतं असं नाही.

मी राऊतसमोर उन्हाळा काढलेल्या चार-पाच लांब बासऱ्या ठेवल्या. त्यानं एकेक घेतली. सूर स्वच्छ काढत होता, पण शेवटच्या भोकापर्यंत त्याचं बोट पोहोचत नव्हतं. उजव्या हाताची अनामिका बसच्या दारात सापडून वाकडी झालेली.

"बोट दगा देते जी," असं म्हणून तो ओशाळून हसला आणि निघता निघता दारातल्या डब्यापाशी थांबला. "हे पाहू का?"

त्यानं जी उचलली ती लांब होती, पण कोणी बनवली कोण जाणे, तिची शेवटची भोकं जवळ आणि जरा तिरपी होती. त्याचं वाकडं बोट तिच्यावर अलगद बसलं. त्याचा चेहरा मी पाहिला. चप्पल चावत नाही असं कळल्यावर होतो तसा.

"ती नका घेऊ," मी म्हटलं, "ती खोटी आहे. थांबा, दाखवतो." आणि तिचा दोष दाखवायला मी ती ओठाला लावली.

खालचा सा लावला. वरचा लावला. मग हात मोकळा करावा म्हणून वडिलांची एक भजनाची चाल दोन ओळी वाजवली. वरचा सा उतरला नाही. माझ्या ओठांनी तो उतरू दिला नाही.

"वा!" मागून गुरुजी म्हणाले. "जगताप, ही कुठे लपवून ठेवली होतीत?"

ते मला जगताप म्हणाले.

त्याच वेळी मी वळून म्हणायला हवं होतं, "गुरुजी, बासरी खोटी आहे, मी सांभाळून घेतली." तेवढंच. नाना गल्ल्यावरून माझ्याकडे बघत होते. बासरी कुठल्या डब्यातली आहे हे त्यांनी पाहिलं होतं. मी बासरी फडक्यानं पुसून राऊतच्या हातात दिली. मला वाटलं, आत्ताच मिळालेली ती दाद आपण आपल्या हातानं परत का द्यायची?

राऊतनं स्वतः ती वाजवून पाहिली. दोन-तीनदा थांबला. मग म्हणाला, "काका, वरचा सा जरासा खाली बसते का जी?"

एवढ्या मोठ्या शहरात नवखा असलेला, कधी कोणाकडे न शिकलेला तो माणूस पहिल्याच फुंकेत बरोबर त्या जागी पोहोचला होता.

"फुंकेचा प्रश्न आहे," मी म्हटलं. "लांब बासरीला दम वेगळा लागतो. रियाजानं येईल."

"हाव जी," तो म्हणाला. "तुमी म्हनता तं असंल."

गुरुजींचा त्या दिवशी मूड चांगला होता. त्यांनीच त्याला रविवारी क्लासला यायला सांगितलं.

महिनाभरानं राऊत परत आला. बासरीला त्यानं बायकोकडून कापडी पिशवी शिवून घेतली होती. "काका, एकडाव तुमी वाजवून पाहा. माह्यापाशी बसतेच. लय केलं." मी वाजवली. ठीक वाजली. तो माझ्या तोंडाकडे बघत राहिला, मान तिरपी करून ऐकत राहिला. "तुमच्या तोंडी बरी वाजते जी. म्हंजे माह्यातच खोट हाये."

मी म्हटलं, "सगळ्यांना वेळ लागतो."

वाचणारा म्हणेल, गुरुजींना कसं कळलं नाही? त्याचं कारण साधं आहे. दुकानात एका बासरीला शंभर तोंडं लागतात, आम्ही फडक्यानं पुसून पुढच्याला देतो. गुरुजींचं तसं नव्हतं. दुसऱ्याच्या तोंडची बासरी ते ओठाला लावायचे नाहीत, शिष्याची तर हातातही घ्यायचे नाहीत. उष्टं ते उष्टं. ते स्वतःच्या बासरीवर वाजवून दाखवायचे, शिष्यानं आपल्या बासरीवर काढायचं. राऊतची बासरी चांगली आहे हे त्यांनी दुकानात स्वतःच्या कानांनी ऐकलेलं होतं. मग सूर उतरला तर तो कोणाचा?

पावसाळ्याच्या सुमाराला गुरुजी दुकानात आले आणि बसायच्या आधीच म्हणाले, "जगताप, तुमच्या त्या सारथ्याला मी आज निरोप दिला. वरच्या सप्तकात गेला की उतरलाच. कान नाही. सारथ्यानं बासरी हातात घेतली म्हणून तो कृष्ण होत नाही, असं सांगितलं त्याला."

दुकानात तीन-चार गिऱ्हाइकं होती. सगळी हसली. मीही हसलो. पुढे कितीतरी दिवस मी ते वाक्य लोकांना सांगितलं, गुरुजींच्या आवाजात, आणि लोकांना ते फार आवडायचं.

राऊत त्यानंतर एकदाच आला. बासरी पिशवीसकट काउंटरवर ठेवली. "वापस घ्या जी. पैसे नोको मले. चांगल्या कानाच्या कोनाले द्या."

माझ्या डोळ्यांसमोर ती बासरी पुन्हा त्या डब्यात उभी राहिली. परत घेतली असती तर ती तिथेच, सगळ्यांसमोर ठेवावी लागली असती. मी वर पाटीकडे बोट दाखवलं. "तोंड लावलेली घेत नाही."

"हाव. बरोबर हाये," तो म्हणाला आणि पिशवी उचलून गेला.

शटर ओढताना नानांनी विचारलं, "डब्यातली होती ना ती?"

"हो."

"मग त्याला सांगितलंत का नाही?"

मी शटर पायानं दाबून धरलं. नानांनी वाकून कुलूप लावलं. "मीही नाही सांगितलं," ते म्हणाले. या विषयावर आमच्यात झालेलं हे एवढंच बोलणं. पुढे काही वर्षांनी नाना गेले.

हे असंच माझ्यासोबत संपलं असतं. पण मागच्या वर्षी गुरुजींच्या पंच्याहत्तरीचा सत्कार झाला. मला आमंत्रण होतं, तिसऱ्या रांगेत जागा होती. भाषणात गुरुजी रंगले. शिष्यांचे किस्से सांगता सांगता म्हणाले, "एक बसड्रायव्हर आला होता माझ्याकडे. राऊत. देविदास राऊत." आणि तेच सारथ्याचं वाक्य. सभागृहात हशा पिकला. गुरुजींनी माझ्याकडे हात केला, "या जगतापांनीच पाठवला होता तो नमुना!" लोक वळून बघायला लागले. मी हात जोडले आणि हसलो. सवयच ती.

 माझ्या एका हसण्याची किंमत दुकानातल्या चार माणसांपुरती आहे असं मी मानत आलो होतो. आता भरल्या सभागृहात त्या माणसाचं नाव घेऊन लोक हसत होते.

दोन दिवसांनी मी गुरुजींना फोन केला. सगळं सांगितलं. ते ऐकून घेत होते. मग म्हणाले, "जगताप, ती बासरी मी ऐकली होती. मी दाद दिली होती. माझ्या कानांवर तुमचा भरवसा नाही का?"

"तसं नाही गुरुजी, माझ्या ओठांमुळे—"

"म्हणजे तुम्ही वाजवलंत म्हणून खोटी बासरी खरी झाली आणि मला ती खरी वाटली. एवढे मोठे वादक आपल्या काउंटरवर उभे होते, आम्हाला कळलंच नाही. तब्येत सांभाळा." फोन ठेवला.

मग मी राऊतला शोधलं. बस पुरवणाऱ्या एका ठेकेदाराकडून त्याचा पत्ता मिळाला. बिबवेवाडीत दोन खोल्यांत राहतो. एका रविवारी दुपारी गेलो. जाताना पिशवीत एक छोटी, खात्रीची बासरी घेतली होती. त्याचं बोट पोहोचेल अशी.

त्यानं मला लगेच ओळखलं. "काका! दुकानवाले काका!" केस पांढरे झालेले, पोट सुटलेलं, बोट तसंच. बायकोनं चहा ठेवला. त्याची मुलगी श्रावणी कॉलेजात जाते. ती मोबाइल घेऊन कोपऱ्यात बसली होती. ती लांब बासरी भिंतीवर, गणपतीच्या फोटोशेजारी खिळ्याला टांगलेली होती.

"शाळेत कृष्ण झाली होती ही," तो मुलीकडे बघून म्हणाला. "तवा तेवढी कामी आली."

"मला गाण्यात भाग घ्यायचा होता, पप्पांनी नाटकात घातलं," मुलगी म्हणाली.

"आपल्या घरात कान नाही बाई. लोकाइसमोर कायले हसं करून घ्यायचं?" तो अगदी सहज म्हणाला.

मी चहाचा कप खाली ठेवला आणि सगळं सांगून टाकलं. डबा, नियम, गुरुजींची दाद, माझं गप्प बसणं, त्या सत्काराच्या हॉलमधलं हसणं. तो मांडीवर हात ठेवून ऐकत होता. मी म्हटलं, "राऊत, तुम्ही पहिल्या दिवशी जे ऐकलंत तेच बरोबर होतं. बासरी खोटी होती. तुमचा कान चांगला आहे."

मला वाटलं होतं त्याला राग येईल. किंवा आनंद होईल. त्याच्या तोंडावर भीती दिसली.

"मंग इतके वर्सं मी गप काऊन बसलो जी?" तो हळूच म्हणाला. स्वतःशीच.

मग उठला, बासरी काढली, बनियनला पुसली आणि माझ्या हातात दिली. "दाखवा."

मी सरळ फुंकायचं ठरवलं. ओठ हलू द्यायचे नाहीत, हनुवटी उचलायची नाही. खालचा सा लावला. वरचा लावला. मुलीनं मोबाइलवर सूर मोजायचं ॲप उघडलं होतं. "पप्पा, ग्रीन येतंय. एकदम परफेक्ट."

पुन्हा वाजवली. पुन्हा हिरवं. वय झालं तरी ओठ त्यांचं काम विसरले नव्हते. तिसऱ्या वेळी मी मुद्दाम बासरी आत वळवली आणि सूर पाडला.

"नाही जी," राऊत लगेच म्हणाला. "हे तं तुमी मुद्दाम पाडून रायले."

तेही त्याला ऐकू आलं. आपोआप उतरलेला सूर आणि मुद्दाम पाडलेला सूर यातला फरक सांगणारा माणूस बेसूर कसा असेल, असं मी म्हणालो. तो ऐकण्याच्या पलीकडे गेला होता. त्यानं बासरी घेतली. इतक्या वर्षांनी ओठाला लावली. खालचा सा खणखणीत आला. मग वरचा. तो वरचा सा जसा होता तसा आला, उतरलेला. मुलीच्या मोबाइलवर लाल.

"पाहा," तो हसत म्हणाला. त्या हसण्यात सुटल्यासारखं काहीतरी होतं. "तुमच्या तोंडी हिरवं, माह्या तोंडी लाल. मशीन कायले खोटं बोलंल?"

"मशीन खोटं नाही, मी खोटा आहे. तुम्ही आहे तेच वाजवता आणि मी झाकून वाजवतो."

"आजोबा," मुलगी म्हणाली, "पण मग प्रूफ कसं करणार?"

मी पिशवीतून छोटी बासरी काढली. "ही घ्या. हिच्यात खोट नाही. हिच्यावर वरचा सा लावा, आत्ता कळेल."

त्यानं ती हातात घेतली. फिरवून पाहिली. भोकांवर बोटं ठेवली, नीट बसली. ओठांपर्यंत नेली. मग मुलीकडे पाहिलं, बायकोकडे पाहिलं आणि बासरी माझ्या मांडीवर ठेवली.

"राहू द्या जी. आता कायले?"

"एकदाच."

"काका, तुमी मोठ्या मनाचे हा. त्या हॉलात काय झालं ते आयकून तुमाले वाईट वाटलं म्हून माह्या घरी आले, एवढी गोष्ट रचली. आजकाल कोन करते इतकं?" त्यानं माझे पाय धरले. मी पाय मागे घेईपर्यंत वाकून उठलाही.

हे मी लिहितोय कारण तोंडी सांगून झालं. गुरुजींना सांगितलं, त्यांना ते खोटं वाटलं. राऊतला सांगितलं, त्याला ती दया वाटली. नाना असते तर त्यांनी साक्ष दिली असती. आता छापून आलेलं तरी कोणी खरं मानतं का ते बघायचं. त्या सभागृहात हसलेली मंडळी दिवाळी अंक वाचतात, हे मला माहीत आहे.

त्याला दुपारच्या ड्यूटीला हिंजवडीला जायचं होतं. बस रस्त्यावरच उभी होती. "चला, नवले पुलापाशी सोडतो, तिथून धायरी किती दूर?" मी ड्रायव्हरमागच्या सीटवर बसलो. एवढ्या मोठ्या रिकाम्या बसमध्ये आम्ही दोघंच. कात्रजच्या चौकात ट्रॅफिक तुंबलेलं होतं, गाडी बराच वेळ हलेना. तो स्टिअरिंगवर बोटांनी ताल धरून बसला होता आणि बसता बसता गुणगुणायला लागला. त्याच्या गावाकडची कुठलीशी चाल असावी. ती वर चढली आणि वरच्या सावर जाऊन थांबली. अगदी मधोमध, जिथे थांबायला हवी तिथे. मी पुढे वाकून ऐकत होतो.

आरशात त्याची माझ्याशी नजरानजर झाली आणि तो एकदम गप्प झाला.

"माफ करा जी," तो म्हणाला. "ध्यानात नाही राहलं तुमी बसले हा म्हून."

"अहो, बरोबर होता. चालू द्या ना."

त्यानं मान हलवली आणि रेडिओ लावला.